सेल्टिकचा चौथा कारभारी

१९६५ सालच्या ३० जानेवारीला, शनिवारी, लंडनमध्ये विन्स्टन चर्चिल यांची अंत्ययात्रा निघाली. सारी ब्रिटिश बेटे त्या दिवशी मान खाली घालून होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, उत्तरेकडे स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एक बातमी जाहीर झाली आणि त्या शहराच्या निम्म्या लोकसंख्येला चर्चिलसाहेबांचा विसर पडला. बातमी एवढीच होती की, सेल्टिक फुटबॉल क्लबाने जॉक स्टीन या गृहस्थाला आपला नवा मॅनेजर नेमले आहे.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर ही कुठली स्कॉटलंडची गोष्ट, असे आपण म्हणाल. पण माणसे निवडण्याचा प्रश्न आपल्या घरात काय, शाळेत काय, सहकारी सोसायटीत काय, सगळीकडे तोच. मुख्याध्यापक नेमताना शाळेच्या चालकमंडळाची उडणारी धांदल मी मास्तरकीच्या नोकरीत जवळून पाहिली आहे. अर्जदार कितीही असोत, मंडळाच्या मनात खरा प्रश्न एकच असतो : हा आपले ऐकेल ना? सेल्टिकची १९६५ सालची निवड मला इतकी मोलाची वाटते, ती याच प्रश्नापायी.

तिकडे फुटबॉल क्लबाचा मॅनेजर म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत मालक वेगळा आणि तालीममास्तर वेगळा असे. मालक पैसा घाली, तालीममास्तर नटांकडून काम करून घेई, आणि कोणाला कोणती भूमिका द्यायची यावरून दोघांचे खटके उडत. क्लबाचा चेअरमन हा मालकाच्या जागी आणि मॅनेजर हा तालीममास्तराच्या जागी समजावा. शनिवारच्या सामन्यात मैदानात उतरणारे अकरा गडी कोणते, हे ठरवणारा तो खरा कारभारी.

आता या क्लबाची कुळकथा. १८८७ सालच्या नोव्हेंबरात, ग्लासगोच्या पूर्वेकडील कॅल्टन नावाच्या गरीब वस्तीत, सेंट मेरी चर्चच्या सभागृहात हा क्लब स्थापन झाला. आयर्लंडमधून पोटासाठी आलेले कॅथलिक मजूर त्या भागात दाटीने राहत. त्यांच्या मुलांच्या पोटात दोन घास पडावेत म्हणून पैसा उभा करायचा, या हेतूने ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश धर्मबंधूने पुढाकार घेतला. पुढच्या वर्षी २८ मे रोजी पहिला सामना झाला तो रेंजर्स क्लबाशी, आणि सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला. त्या दिवशी सामन्यानंतर दोन्हीकडची मंडळी एकत्र बसून जेवली म्हणतात! पुढे मात्र या दोन क्लबांत वितुष्ट आले. रेंजर्स प्रॉटेस्टंटांचे, सेल्टिक कॅथलिकांचे, अशी शहराची वाटणी झाली. रेंजर्सने तर कितीतरी दशके उघड उघड कॅथलिक असलेला खेळाडू घेतलाच नाही. ती रीत १९८९ साली मोडली. सेल्टिकने प्रॉटेस्टंट खेळाडू पहिल्यापासून घेतले. पण कारभाऱ्याच्या खुर्चीवर १९६५ पर्यंत बसले ते तिघेही कॅथलिकच.

त्यांतला पहिला विली मेली. आडनाव मराठी कानाला जरा अशुभ वाटेल खरे. पण हा मनुष्य नव्वदीला टेकेपर्यंत जगला आणि त्यातली त्रेचाळीस वर्षे खुर्चीवर होता! क्लबात तो आला तोही योगायोगानेच. क्लबाचे संस्थापक त्याच्या भावाला, टॉमला, खेळाडू म्हणून मागायला घरी गेले. टॉम घरी नव्हता, विली होता. जाता जाता त्यालाही ‘तूही ये की’ म्हणून सांगितले. तो आला, खेळला, आणि १८९७ साली कारभारी झाला तो थेट १९४० पर्यंत. त्याच्या काळात क्लबाने सोळा वेळा लीग जिंकली आणि चौदा वेळा स्कॉटिश कप.

मेलीच्याच अमदानीत, १९३६ साली, आपल्या देशाचा एक खेळाडू त्या मैदानावर उतरला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम. त्याचा भाऊ ग्लासगोत राहत असे. त्याने मेलीची भेट घेऊन सलीमची परीक्षा घ्यायला लावली. सलीम बूट घालत नसे. जिमी मॅकमेनेमी या जुन्या खेळाडूने त्याच्या पायांना पट्ट्या बांधून दिल्या आणि सलीम सेल्टिकच्या दुसऱ्या संघातून अनवाणी खेळला. लोक थक्क झाले. पण पोराला घरची ओढ लागली आणि तो कलकत्त्याला परतला. मॅकमेनेमी हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

एवढ्या मोठ्या मेलीची अखेर मात्र गोड झाली नाही. १९३८ साली क्लबाच्या सुवर्णमहोत्सवात त्याला थैली अर्पण केली. आणि त्या थैलीवरचा प्राप्तिकर कोणी भरायचा यावरून डायरेक्टरांशी त्याचे बिनसले. पन्नास वर्षांचा संबंध कराच्या पावतीवर तुटला. त्याच्या जागी आलेल्या जिमी मॅकस्टेने महायुद्धाची पाच कठीण वर्षे क्लब सांभाळला, आणि १९४५ साली रजेवरून परतताना वर्तमानपत्रात वाचले की आपली नोकरी जाणार. समोर बोलावून दोन शब्द सांगण्याचे सौजन्य कोणाला सुचले नाही. संस्था धर्मार्थ असली म्हणून तिच्या चालकांना माणुसकी असतेच असे नाही. हे मी ग्लासगोपुरते म्हणत नाही.

तिसरा जिमी मॅकग्रोरी. याच्याविषयी वाईट बोलणारा माणूस ग्लासगोत शोधून सापडला नसता. खेळाडू म्हणून त्याने सेल्टिकसाठी चारशेहून अधिक गोल केले. १९२८ साली मेली त्याला फ्रान्समधील लूर्दच्या यात्रेला घेऊन निघाला. वाटेत लंडनला उतरले, तर तिथे आर्सेनल क्लबाचा मॅनेजर हजर! देवदर्शनाच्या निमित्ताने गडी विकायचा बेत होता. मॅकग्रोरी म्हणाला, मला सेल्टिक सोडायचे नाही. झाले. पुढे त्याच्याहून कमी गुणाच्या सोबत्यांना त्याच्याहून जास्त पगार मिळत राहिला, आणि हे त्याला फार उशिरा कळले. १९३७ च्या अखेरीस तो किल्मार्नॉक क्लबाचा मॅनेजर झाला आणि काही महिन्यांतच त्याच्या नव्या संघाने सेल्टिकला स्कॉटिश कपातून बाहेर काढले. १९४५ साली सेल्टिकने त्याला परत बोलावून मॅनेजर केले. साधा, पाइप ओढणारा, कोणाला न दुखवणारा माणूस.

आणि इथेच घोटाळा झाला. मॅकग्रोरी कारभारी नावाचाच राहिला. खरा कारभार १९४७ साली चेअरमन झालेल्या रॉबर्ट केली यांच्या हाती गेला. केलीसाहेब काही ऐरेगैरे नव्हेत. त्यांचे वडील जेम्स केली हे सेल्टिकच्या पहिल्या संघातले नामांकित खेळाडू. साहेब सचोटीचे, धर्मनिष्ठ आणि कमालीचे हट्टी. १९५२ साली स्कॉटलंडच्या फुटबॉल मंडळाने हुकूम काढला की, सेल्टिकने मैदानावरचा आयरिश झेंडा उतरवावा. केलींनी साफ नकार दिला आणि शेवटी मंडळालाच नमते घ्यावे लागले. त्या भांडणात त्यांच्या पाठीशी रेंजर्स क्लब उभा राहिला होता, ही गंमत वेगळीच.

पण झेंड्यापायी जो हट्ट शोभला, तोच संघ निवडताना अंगाशी आला. शनिवारचे अकरा गडी केलीसाहेब ठरवीत. मॅकग्रोरी यादी घेऊन जाई. खेळाडू गुणी पाहिजे यापेक्षा तो सालस पाहिजे, क्लबावर भक्ती करणारा पाहिजे, ही त्यांची कसोटी. १९६० साली संघ बसमधून एअर्ड्री गावी सामन्याला चालला होता. वाटेत रस्त्याच्या कडेला क्लबाचाच एक तिसऱ्या फळीतला गोलरक्षक गळ्यात सेल्टिकचा मफलर घालून सामना पाहायला जाण्यासाठी उभा दिसला. केलीसाहेबांनी बस थांबवली, त्याला आत घेतले, आणि त्याची निष्ठा पाहून इतके गहिवरले की, ठरलेल्या गोलरक्षकाला बसवून त्यालाच खेळवले. सामना २-० असा गेला. भक्ताला गाभाऱ्यात घेतला हे ठीक. पण पूजा सांगायला भटजी लागतो, हे साहेब विसरले!

१९५७ च्या ऑक्टोबरात रेंजर्सचा ७-१ असा फडशा पाडून लीग कप जिंकला, आणि त्यानंतर सात वर्षे क्लबाच्या कपाटात एकही मोठा चषक आला नाही. १९६४ साली युरोपातल्या स्पर्धेत बुडापेस्टच्या एम. टी. के. संघाला ग्लासगोत ३-० असे हरवले, आणि परतीच्या सामन्यात तिथे जाऊन ४-० असे हरून आले. पोरे उमदी होती, पण त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

मॅकग्रोरीनंतर कोण, याचे उत्तर केलीसाहेबांच्या मनात तयार होते : शॉन फॅलन. हा आयर्लंडमधल्या स्लायगो गावचा. त्याच्या सेल्टिक-भक्तीची कथा एखाद्या कादंबरीत घातली तर टीकाकार म्हणतील, योगायोग फार झाला! शॉन लहान असताना त्याची बहीण गावाजवळच्या तळ्यात बुडत होती. सुट्टीसाठी आलेल्या एका तरुणाने उडी टाकून तिला वाचवले. तो निघाला ग्लासगोचा, त्या सलीमच्या पायांना पट्ट्या बांधणाऱ्या मॅकमेनेमीचा मुलगा. फॅलनच्या घरच्यांनी त्याचा पाहुणचार केला. पुढे त्याने शॉनला सेल्टिकची जर्सी पाठवली. त्या दिवसापासून पोराने ठरवले की, खेळायचे तर त्याच क्लबात. १९५० साली तो तिथे पोहोचला. दणकट बचावपटू, दुखापतीला भीक न घालणारा. खेळ थांबल्यावर तो मॅकग्रोरीचा सहायक झाला. कॅथलिक, आयरिश, निष्ठावंत, शब्दाबाहेर न जाणारा; केलीसाहेबांच्या कसोटीला बावनकशी उतरलेला.

आणि दुसरीकडे होता जॉक स्टीन. जन्म १९२२ सालचा, फॅलनच्या बरोबरीचाच. लॅनार्कशरच्या कोळशाच्या खाणीत कितीतरी वर्षे जमिनीखाली काम केलेला, प्रॉटेस्टंट घरातला, आणि बाप रेंजर्सचा चाहता! खेळाडू म्हणून तो काही असामान्य नव्हता. अल्बियन रोव्हर्स या लहानशा क्लबातून खेळला आणि १९५० साली चार पैसे जास्त मिळतात म्हणून वेल्समधल्या लानेली क्लबात गेला. इकडे स्कॉटलंडमधले त्याचे बंद घर चोरांनी फोडले. पत्नीने परत जायचा धोसरा लावला. तशात सेल्टिकच्या राखीव संघाच्या प्रशिक्षकाला, जिमी ग्रिबनला, त्याची आठवण झाली आणि १९५१ च्या डिसेंबरात १,२०० पौंडांत सेल्टिकने त्याला घेतले. हेतू एवढाच की, राखीव संघातल्या पोरांना एक वडीलधारा असावा. सेल्टिकमध्ये गेला म्हणून त्याच्या गावचे काही बालमित्र पुढे त्याच्याशी बोलेनासे झाले.

पहिल्या संघातले बचावपटू दुखापतींनी घरी बसले आणि स्टीन आत आला. मग कर्णधार शॉन फॅलन याने आपला उपकर्णधार म्हणून निवडले कोणाला? स्टीनला. १९५२ च्या डिसेंबरात फॅलनचा हात मोडला आणि कर्णधारपद स्टीनकडे गेले, ते त्याच्याकडेच राहिले. त्याच्या हाताखाली क्लबाने १९५४ साली लीग आणि कप दोन्ही जिंकले. म्हणजे स्टीनला पहिली पायरी चढवली ती फॅलननेच. पायाच्या दुखापतीने स्टीनचा खेळ संपला तेव्हा त्याच्याकडे राखीव संघ सोपवला. बिली मॅकनीलसारखी पोरे त्याने तिथे घडवली. सरावानंतर ती त्याच्याच बसने घरी जात आणि वाटभर फुटबॉलचे धडे घेत. पण पुढे वाट दिसेना. १९६० च्या मार्चमध्ये तो डनफर्मलिन या बुडत्या क्लबाचा मॅनेजर होऊन गेला. पहिलाच सामना सेल्टिकशी, जिंकला. तो धरून सलग सहा सामने जिंकून क्लब वाचवला. दुसऱ्या वर्षी स्कॉटिश कपाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात त्याने सेल्टिकलाच २-० असे हरवून कप नेला. तिथून १९६४ साली एडिंबराच्या हायबर्नियन क्लबात.

केलीसाहेब हे सारे पाहत होते. आपण घालवलेला मनुष्य आपल्यालाच हरवतो आहे, हे दुःख कोणत्या मालकाला कळत नाही? इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन क्लबाने स्टीनला विचारल्यावर तो सल्ल्यासाठी म्हणून केलीसाहेबांकडे गेला. सल्ला मागण्याचे हे सोंग की सरळपणा, ते वाचकांनी ठरवावे. मला तर तो खाणीतला मनुष्य पुरता बिलंदर वाटतो. केलींनी आधी सुचवले : तू ये, फॅलन मॅनेजर होईल, तू त्याचा सहायक हो. स्टीन म्हणाला, नाही. मग म्हणाले, दोघे मिळून मॅनेजर व्हा. स्टीन म्हणाला, नाही. एकच मॅनेजर, आणि संघ निवडण्याचा अधिकार पूर्णपणे त्याचा. हे असेल तर येतो.

थोरल्या शाहूमहाराजांनी १७२० साली दरबारातल्या जुन्या मुत्सद्द्यांची नाराजी पत्करून वीस वर्षांच्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली, हे आपण शाळेत शिकतो आणि महाराजांच्या पारखीचे कौतुक करतो. पण महाराजांना त्यात स्वतःचे काही सोडावे लागले नव्हते. ते मोहिमा आखीत नव्हते. केलीसाहेबांना मात्र अठरा वर्षे स्वतः केलेले, मनापासून आवडणारे काम दुसऱ्याच्या हातात द्यायचे होते; वर फॅलनला दिलेला शब्द मोडायचा होता; आणि क्लबाच्या जन्मापासून चालत आलेली धर्माची अलिखित रीतही मोडायची होती. साठी उलटलेल्या हट्टी माणसाने हे तिन्ही एका बैठकीत केले. त्यांच्या आधीच्या चुका सांगून झाल्यावर हेही सांगितलेच पाहिजे.

बातमी जाहीर झाली त्याच्या आदल्याच दिवशी सेल्टिकने गोठलेल्या मैदानावर अॅबर्डीनला ८-० असे धुतले होते. जॉन ह्यूजने बुटांऐवजी कॅनव्हासचे हलके जोडे घालून त्यात पाच गोल केले. मार्चमध्ये स्टीन हजर झाला. २४ एप्रिल १९६५ रोजी स्कॉटिश कपाचा अंतिम सामना, समोर स्टीनचाच जुना डनफर्मलिन संघ, आणि १,०८,००० हून अधिक प्रेक्षक. सेल्टिक दोनदा मागे पडला, दोनदा बरोबरी झाली आणि शेवटची नऊ मिनिटे उरली असताना बसमधल्या त्या शिष्याने, मॅकनीलने, डोक्याने चेंडू आत घातला. ३-२. पुढच्या वर्षी, बारा वर्षांनी, लीग आली आणि ती ओळीने नऊ वर्षे घरातच राहिली. २५ मे १९६७ रोजी लिस्बन शहरात इटलीच्या इंटर मिलानला २-१ असे हरवून सेल्टिकने युरोपियन कप जिंकला. असा कप जिंकणारा हा ब्रिटनमधला पहिला क्लब. आणि अकराही गडी क्लबाच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले! यांतले पुष्कळसे स्टीन येण्याच्या आधीपासूनच तिथे होते.

मॅकग्रोरीला क्लबाने प्रसिद्धी अधिकारी केले. एकोणीस वर्षे मॅनेजर असलेल्या माणसाला ते खुपले असेल. पण त्याने तक्रार केली नाही.

फॅलनचे काय? तो स्टीनचा सहायक म्हणून राहिला. दुसऱ्या एखाद्याने त्याच दिवशी राजीनामा तोंडावर फेकला असता. फॅलन गावोगाव हिंडून खेळाडू शोधू लागला. १९६७ साली आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला पत्नीला घेऊन बाहेर पडला असताना, ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून तो वाटेत एका घरी थांबला. घर रेंजर्सच्या चाहत्यांचे. सेल्टिकचा माणूस येतो आहे म्हटल्यावर मुलाने भिंतीवरची रेंजर्सच्या खेळाडूंची चित्रे घाईघाईने काढली. बिचारी पत्नी मोटारीत ताटकळत बसली. पण फॅलन बाहेर आला तो त्या मुलाची संमती घेऊनच. मुलाचे नाव केनी डालग्लिश. पुढे त्याच्याइतका मोठा खेळाडू स्कॉटलंडला क्वचितच लाभला.

१९७५ च्या जुलैत चुकीच्या बाजूने आलेली एक मोटार स्टीनच्या मोटारीवर आदळली आणि तो मरता मरता वाचला. तेव्हा वर्षभर संघ फॅलनने सांभाळला. दहा वर्षांपूर्वी कबूल झालेली खुर्ची मिळाली ती अशी. मित्राच्या अपघाताने, आणि तात्पुरती. त्या वर्षी चषक मिळाला नाही. स्टीन परतल्यावर सहायकाची जागाही दुसऱ्याला दिली गेली. केलीसाहेब १९७१ सालीच वारले होते.

१९७८ मध्ये स्टीनचीही पाळी आली. नवा मॅनेजर म्हणून मॅकनीलला त्यानेच विचारले. स्वतःला डायरेक्टर करतील असे त्याला वाटत होते. डायरेक्टर म्हणून त्याच्या पुढ्यात काम आले ते क्लबाच्या सोडतीची तिकिटे खपवण्याचे! तो इंग्लंडमधल्या लीड्सला गेला, चव्वेचाळीस दिवसांत परत येऊन स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर झाला, आणि १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफला वेल्सविरुद्धचा सामना संपता संपता कोसळला तो उठला नाही. मॅकनील गेल्याने अॅबर्डीनची खुर्ची रिकामी झाली होती. तिच्यावर सेंट मिरन क्लबाने नुकताच काढून टाकलेला अॅलेक्स फर्ग्युसन येऊन बसला. तो एक वेगळाच लेख होईल.

फॅलननेही १९७८ साली सेल्टिक सोडले, पण ग्लासगो सोडले नाही. ४ ऑगस्ट २०१२ रोजी लीगच्या नव्या मोसमाचा पहिला सामना होता. आदल्या वर्षी लीग जिंकली होती. तेव्हा रिवाजाप्रमाणे विजयाचा झेंडा फडकवायला कोणाला बोलवावे? क्लबाने नव्वद वर्षांच्या शॉन फॅलनला बोलावले. तो आला, दोरी ओढली आणि भरल्या मैदानाने उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पुढच्या जानेवारीत तो वारला.